दूध जमाव नक्को

दही लागलं नाही ती पहिली सकाळ मला आवाजावरून आठवते. ईट गावातल्या आमच्या घरात रोज पहाटे मला जाग यायची ती रवीच्या घर्र-घर्र आवाजानं. माळवदाखालच्या मधल्या खणात खांबाला दोरी बांधून माय ताक घुसळायची. दोरी ओढताना तिच्या बांगड्या एका तालात वाजायच्या आणि लोणी यायला लागलं की रवीचा आवाज जड व्हायचा. त्या सकाळी आवाजच आला नाही. मी उठून गेले तर डेरा मायसमोर होता, रवी तिच्या हातात होती आणि ती डेऱ्यात नुसती बघत बसली होती. आत दूध होतं. आदल्या संध्याकाळी विरजलेलं, वर साय धरलेलं, पण जसंच्या तसं पातळ. फाटलं नव्हतं, नासलं नव्हतं, आंबूस वाससुद्धा नव्हता.

"कुसुमे, इरजण कुणी लावलं हुतं?" मायनं विचारलं.

विचारायची गरज नव्हती. विरजण वहिनी लावायची. भाऊचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. वहिनीचं नाव रुक्मिणी, माहेर तेरचं. उंच होती, हसताना ओठ आवळून हसायची आणि बोलायला कुणाला भ्यायची नाही. ती आल्यावर महिन्याभरातच मायनं विरजणाचं काम आपण होऊन तिच्याकडं दिलं होतं. तिच्या हातचं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट लागायचं. "रुक्मीच्या हाताला गुण हाय," असं माय गल्लीभर सांगत फिरायची. तो गुण एका सकाळीत उलटा होईल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

दही लागलं नाही तर एवढं काय बिघडतं, असं आजच्या मुलींना वाटेल. आमच्याकडं ताक विकायची पद्धत नव्हती. दूध विकावं, खवा विकावा, तूप विकावं, पण ताक विकलं तर गोठ्यातली बरकत जाते असं मानायचे. त्यामुळं ज्याच्या घरी दुभतं त्याच्या दारात सकाळी गल्लीतल्या बायका तांब्या घेऊन यायच्या. कुणाला कण्यांवर ओतायला हवं असायचं, कुणाला कढीला, कुणाला आजारी माणसाला. सात-आठ घरांची न्याहारी आमच्या डेऱ्यावर व्हायची. त्या दिवशी मायनं सगळ्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं. शेजारच्या सखूकाकू जाताना म्हणाल्या, "असू दे माय. आता पावणेरावळे वाढले असतील घरात." घरात पाव्हणा एकही नव्हता. म्हणजे आम्ही ताक झाकून ठेवलं, असा अर्थ.

मायचा स्वभाव संशयी होता. तुपाच्या बरणीच्या झाकणावर ती एक केस आडवा ठेवायची आणि तो हलला की चौकशी बसायची. बाजारातून आलेलं मीठसुद्धा जिभेवर ठेवल्याशिवाय डब्यात जायचं नाही. गड्यानं "आलो" म्हटलं तर कुठून, आणि "जातो" म्हटलं तर कुणाकडं, हे तिला कळायलाच हवं असायचं. तो गुण तिच्याकडूनच माझ्यात आला. मी त्याला नीटनेटकेपणा म्हणते. आजही किराणा आला की मी यादी समोर धरून एकेक पुडा मोजून घेते, आणि सुना एकमेकींकडं बघतात ते मला दिसतं.

तर तपास सुरू झाला. पहिला संशय मडक्यावर. मडकं बदललं, नव्याला धुरी दिली, तरी दुसऱ्या दिवशी तेच. मग संशय विरजणावर. सखूकाकू रतिबाच्या दुधाचं थोडं दही लावायच्या, त्यातलं वाटीभर आणलं आणि त्याचं विरजण लावलं. सकाळी सखूकाकूंच्या घरी दही लागलेलं आणि आमच्याकडं पुन्हा दूधच. आता सखूकाकूंनाही राग आला. "माझ्या दह्यात खोट काढता व्हय?" असं त्या ओट्यावरूनच ओरडल्या. तिसरा संशय, दुधात कुणी पाणी घातलं. हे ऐकून आबा, म्हणजे माझे वडील, भाकरी अर्धी टाकून उठले. धार तेच काढायचे. चौथा संशय नजरेचा. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्याही, पण दही काही लागलं नाही.

या सगळ्यात मी एका गोष्टीवर डोळा ठेवून होते. आमची म्हैस चांदी त्याआधी दोनच दिवस आजारी पडली होती. तिच्या कासेला दगडी झाली होती. कास दगडासारखी कडक होते, गरम लागते, दुधात गुठळ्या येतात, आणि वेळीच आवरलं नाही तर सड, म्हणजे आचळ, कायमचा जातो, म्हणून दगडी. घरात दुभती दोनच, चांदी आणि कपिली गाय. चांदी गेली असती तर आमचं घर मोडलं असतं. आबा भूमला जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. त्यांना सगळा मुलूख सलोत्रीसाहेब म्हणायचा. हैदराबादेत शिकलेले, निजामाच्या वेळेपासून याच भागात नोकरीला. मुलूख मराठी राज्यात आला तरी साहेबांची बोली तीच राहिली, अर्धी दखनी, अर्धी आमच्यासारखी. दाढी पांढरी, पायात खाकी पट्ट्या, सायकलीला मागं लाकडी पेटी.

साहेबांनी पेटीतून एक बाटली काढली. आतलं औषध हळदीसारखं पिवळं होतं. ते सुईनं चांदीच्या मानेत टोचलं आणि सडात सोडायच्या पिवळ्या औषधाच्या नळ्या आबांच्या हातात दिल्या. धार काढून झाली की चारी सडांत सोडायचं. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून चारीत. "बहुत बडी दवा है पाटील," ते म्हणाले. "एक-एक बीमारी का अलग दवा रैता, ये सब को चलती." मग हात धुता धुता, जायच्या घाईत, ओट्यावरच्या डेऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "और सुनो, इसका दूध जमाव नक्को. निकालते रव."

आबांनी मान डोलावली. नंतर त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, "सायब काय म्हणले, दुधाचा जमाव नको. कासंत दूध साचू द्यायचं न्हाय. पिळत ऱ्हायचं." आणि ते खरंच होतं की! दगडी झालेल्या कासेत दूध साचू देऊ नये, हे आमच्या आज्यापासून सगळे सांगत आलेले. आबा दिवसातून दोनदाच्या जागी चारदा धार काढू लागले. पहिल्या धारा पिवळसर यायच्या, त्या ते भुईवर सोडायचे. धार पांढरी झाली की चरवी खाली धरायचे. चांदी आबांना पाय मारायची, म्हणून तिची कास कुरवाळत वहिनी शेजारी बसायची आणि पुढं-पुढं तर वहिनीच धार काढू लागली. चार दिवसांत कास मऊ झाली. चांदी रवंथ करू लागली. आबा तर सलोत्रीसाहेबांना देव म्हणायला लागले होते.

मला मात्र ते पिवळं औषध आवडलं नव्हतं. का, ते मला सांगता आलं नसतं. कापडावर पडलेला त्याचा डाग धुऊन निघेना, एवढंच कारण होतं. मी आबांना विचारलं, "औषधानं तर दह्याचं असं झालं नसंल?" आबा म्हणाले, "सकाळचं दूध भट्टीला जातंय ना? जा, इचार तिथं."

मी गेले. भूमकडच्या आमच्या भागात तेव्हाही खव्याच्या भट्ट्या होत्या. गावाच्या कडेला चुलाणावर मोठी कढई, खाली पऱ्हाटीचा जाळ, आणि कढईचा तळ उलथण्यानं खरवडायचा आवाज लांबवर ऐकू यायचा. भट्टीवाल्यानं आमच्या दुधाचा खवा बोटावर घेऊन मला चाखायला दिला. दाणेदार, गोड, पांढराशुभ्र. "दुधात खोट काढू नगं पोरी," तो म्हणाला. "असं दूध आख्ख्या ईटात न्हाय."

आता मला कळतं की तो खरं बोलत होता आणि तरी त्याचा काही उपयोग नव्हता. खवा होतो आगीनं. दही होतं जिवंत जंतूंनी. ते मेले तर दूध कितीही चोख असो, दही लागणार नाही. पण त्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं, "खवा चांगला होतोय," आणि मायच्या तोंडावर एकदम सगळं उमगल्याचा भाव आला. दूध चांगलं, मडकं नवं, विरजण दुसऱ्याचं. मग उरलं काय? हात उरला.

दुपारी आम्ही तिघी ओसरीत शेंगा फोडत होतो.  माय खाली बघतच म्हणाली, "रुक्मे, तुझी अडचण कवा आली हुती?"

वहिनीचा हात थांबला. "का आत्याबाई?"

"इचारलं तेवढं सांग."

"पंधरा दिस झालं. तुमीच तर चार दिस बाहेरून पाणी देत हुता मला."

"त्याच्यानंतर?"

वहिनीला काय विचारलं जातंय ते कळलं आणि मलाही. अडचण लपवून हिनं विरजणाला हात लावला, विटाळ झाला, म्हणून दूध जमेना. आमच्याकडं बाईवर यापेक्षा वाईट संशय घेता येत नव्हता. चोरी केली म्हटलं तर माणूस रागावून बोलू शकतो. याला पुरावा कुठून आणायचा?

"आत्याबाई," वहिनी म्हणाली, "ह्या घरात दोन खोल्या अन् एक न्हाणी. मी शिंकले तर तुमाला ऐकू येतंय. लपवायला जागा हाय का हितं?"

"मग घे तुळजापूरच्या आईची आण."

"आण खोट्यानं घ्यावी. मी न्हाय घेणार."

आण घेतली असती तर कदाचित तिथंच मिटलं असतं. पण वहिनी तशी नव्हती, आणि तिनं आण नाकारली यालाच मायनं कबुली मानलं. त्या संध्याकाळी मायनं स्वतः अंघोळ करून, स्वतःच्या हातानं विरजण लावलं. सकाळी दूध. मी म्हटलं, "बघ, तुझ्या हातानं बी न्हाय लागलं." माय म्हणाली, "घरच बाटलंय आता. माझ्या हातानं कसं लागंल?" त्यात चांदीचं रेडकू हगवणीनं पडलं. रेडकाला उरलेलं दूध वहिनीच पाजायची. मायच्या हिशोबात तेही तिच्याच नावावर गेलं.

मी हट्टाला पेटले. वहिनी मला आवडायची हे खरं, पण त्याहून मला हे आवडेना की एकाच डेऱ्यात दोन जनावरांचं दूध ओतायचं आणि मग दोष माणसात शोधायचा. मी दोन गाडगी घेतली. एकात कपिलीचं दूध, दुसऱ्यात चांदीचं. दोन्हींत विरजण वहिनीकडून लावून घेतलं, मायला शेजारी बसवून. सकाळी झाकणं काढली. कपिलीचं दही कवडीसारखं लागलेलं. चांदीचं दूध हललंसुद्धा नव्हतं.

मला वाटलं जिंकले. मायनं दोन्ही गाडगी आळीपाळीनं पाहिली. मग म्हणाली, "चांदीची धार कोण काढतंय?"

 धार वहिनी काढायची. कपिलीला आबा पिळायचे. माझा प्रयोग वहिनीच्याच गळ्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी चांदीखाली स्वतः बसले, पण तिनं मला एक थेंब काढू दिला नाही, लाथ मारून चरवी उडवली. मायला तेही खूण वाटली. जनावर एकाच बाईला धार देतं म्हणजे त्यात काहीतरी आहे. गल्लीत बोलणं पसरलंच होतं. सखूकाकू आता ताक मागायला येत नव्हत्या, पण विचारपूस करायला दिवसातून दोनदा येत होत्या.

शेवटी आबांनी निर्णय सांगितला. आबा वाईट नव्हते. घरातला कालवा त्यांना सोसायचा नाही, एवढंच. "सूनबाई, आठ दिस तेरला जाऊन या. जिवाला बरं वाटंल. बाजाराच्या दिशी सकाळी गाडी जुपतो, भूमला यष्टीत बसवून देतो." आठ दिवस! आमच्याच गल्लीतल्या एका सुनेला तिच्या सासऱ्यानं असंच आठ दिवसांसाठी पाठवलं होतं. त्यानंतर दोन सुगी झाल्या, तिला आणायला कुणी गेलं नव्हतं. आणायला जाणाऱ्या माणसाला आमच्याकडं मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर बाई आपल्या पायानं सासरी येत नाही, आणि मग ती परत येते फक्त लोकांच्या बोलण्यात. हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनीला तर सगळ्यात जास्त.

भाऊ जेवत होता. त्यानं मान वर केली नाही. वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि विचारलं, "तुमाला काय म्हणायचंय?" तो म्हणाला, "आबा म्हणत्यात तसं." पुढं आयुष्यभर भाऊ चांगला नवरा म्हणून राहिला, बायकोला शेतावरून हिरवी मिरची आणून द्यायचा, आजारपणात पाय चेपायचा. पण त्या एका वाक्यापुरता तो कमी पडला, आणि ते त्यालाही माहीत होतं.

मी गोठ्यात वहिनीला गाठलं. ती रेडकाच्या अंगावरची माती झाडत होती. "वैनी, मी आबाला सांगते, मला बी तुमच्यासंगं पाठवा."

"तुमी कशाला वन्सं?" ती म्हणाली. "तुमच्या हातानं धार बी निघंना." आणि ओठ आवळून हसली. मग हसू गेलं. "मला एकच कळंना. म्या केलं काय? काय केलं ते कळलं असतं तर गुमान गेले असते."

बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. बैल जुपलेले. वहिनीचं गाठोडं गाडीत ठेवलं होतं. सखूकाकू आणि आणखी दोघी-तिघी ओट्यावर काही ना काही काम काढून बसल्या होत्या. तेवढ्यात सायकलीची घंटी वाजली. सलोत्रीसाहेब. बाजाराला आलेल्या जनावरांना टोचायला आले होते, जाता जाता चांदीला बघायला वळले.

"क्या पाटील, कैसी है चांदी?" ते गोठ्यात गेले, कास दाबून पाहिली, सडातून धार तळहातावर घेतली आणि खूश झाले. "वा. एकदम साफ. और दो दिन दवा सोडो, बस."

आबा हात जोडून म्हणाले, "तुमची किरपा सायब. म्हस वाचली. पण घरात दुसरंच सुरू झालंय."

"क्या हुआ?"

आबा बोलायला लाजले. मी मध्येच म्हणाले, "सायब, चांदीच्या दुधाला दहीच लागंना."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. "लगेगा कैसे? मैं बोल्या था ना, जमाव नक्को."

"म्हणून तर सायब!" आबा म्हणाले. "आमी जमूच दिलं न्हाय. चारदा पिळतो. थेंब ठेवत न्हाय कासंत."

आधी कुणालाच काही कळलं नाही. साहेबांनी आबांकडं पाहिलं, मग ओट्यावरच्या डेऱ्याकडं, मग पुन्हा आबांकडं. आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे पाटील! कास में नै! दही! दही जमाव नक्को! तुम लोगां दही लावतो बोलते ना, हम जमाना बोलते. इसका दूध विरजू नका, असं बोललो मी! डेरा दिखाया था तुमको!"

"डेरा दाखवला खरा," आबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, लोणी चांगलं निघंल म्हणतायत."

साहेब ओट्यावर बसले आणि मग जमेल तितक्या मराठीत त्यांनी सांगितलं. दही म्हणजे जंतूच असतात, चांगले जंतू. कासेतली दगडी हेही जंतूंचंच काम, वाईट जंतूंचं. हे पिवळं औषध जंतू मारतं, पण चांगला कोण, वाईट कोण, ते बघत नाही. झाडू मारल्यासारखं सगळं लोटून काढतं. टोचलं की रक्तातून दुधात उतरतं, सडात सोडलं की दुधात मिसळतं. पिवळ्या धारा भुईवर सोडल्या तरी पांढऱ्या धारेत ते असतंच. त्यात विरजण घातलं की विरजणच मरतं. मग त्यांना काहीतरी आठवलं. "रेडकू को भी यही दूध पिलाये क्या?" हो म्हटल्यावर जीभ चावली. "मग त्याचं पोट बिघडणारच. पोटात बी चांगले जंतू राहतात. कपिलीचं दूध पाजा त्याला. औषध बंद झालं की चार-पाच रोज थांबा, मग सगळं ठीक."

"आन् आमी पितो ते?" मी विचारलं.

"उकळून प्या. काय होत नाही."

हे मात्र त्यांचं चूक होतं. आज आमच्या गावच्या दूध संस्थेची जबाबदारी माझ्याकडं आहे आणि संस्थेत दूध घेताना माझा पहिला प्रश्न असतो, जनावराला काय टोचलंय. आता प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं की इतके दिवस या जनावराचं दूध माणसानं वापरू नये. उकळल्यानं औषध पुरतं जात नाही. थोडं-थोडं रोज पोटात गेलं तर जंतू त्याला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. वाढत्या पोराचे दातसुद्धा याच्यानं पिवळे पडतात. हे सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात, म्हातारीला सगळ्यांचं दूध परत पाठवायची खोड लागली म्हणतात. म्हणोत. साहेबांना मी दोष देत नाही. तेव्हा जेवढं कळलं होतं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि त्यातलंही अर्धं आम्ही आमच्या भाषेत ऐकलं.

सायकल निघून गेली. ओट्यावरच्या बायका अजून बसूनच होत्या. आबा गाडीजवळ गेले आणि जू उचलायला लागले. "सूनबाई, उतरवा गाठोडं. झालं गेलं."

वहिनी दारात उभी होती. "मामा, बैल सोडू नका," ती म्हणाली. "गाडी जुपलीय तर मी जाते."

"आता कशाला?" माय म्हणाली. "औषधाचं हाय म्हणं ते. मिटलं की."

"तुमचं मिटलं, आत्याबाई. माझं कुठं मिटलं? ह्या बायांनी मला घालवताना बघितलंय. आता मला आणताना बी त्यांनी बघावं." ती आपली आपण गाडीत चढून बसली. मग मायकडं वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मुऱ्हाळी म्हणून दुसऱ्या कुणाला धाडू नका. तुमी या."

सासूनं सुनेला आणायला जायचं, हे आमच्याकडं कधी कुणी ऐकलं नव्हतं. दीर जातो, नणंदेचा नवरा जातो, फार तर सासरा. मायनं पहिले काही दिवस तो विषयच काढू दिला नाही. भाऊ निघाला तर त्याला म्हणाली, "तुला बोलावलंय का तिनं?" कपिलीचं दूध रेडकाला जायचं म्हणून घरात ताक नव्हतं, चांदी कुणाला धार देईना, कण्या कोरड्या खाव्या लागत होत्या. मग एका सकाळी ती नवं लुगडं नेसून उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल."

तेरला वहिनीचं घर नदीकडच्या अंगाला होतं. आम्ही जाईपर्यंत शेजारपाजार जमलाच. कुठलीही गल्ली असो, बायकांना बातमी आधी कळते. वहिनीच्या आईनं पाणी दिलं, चहा टाकला, पण बसा म्हणायला जरा वेळ लावला. वहिनी चुलीजवळून उठली नाही. माय उभीच होती. मला वाटलं, आता ही मागं फिरते. पण मायनं पदर खांद्यावर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या घरचं दही बिघडलं ते म्हशीच्या औषधानं. माझ्या सुनंमुळं न्हाय. मी तिला न्यायला आलेय." एवढंच. पाठ केलेलं वाटलं. बहुतेक वाटेत केलंच होतं, कारण बसमध्ये ती सारखी ओठ हलवत होती.

वहिनी उठली आणि गाठोडं बांधायला लागली.

परतीच्या यष्टीत आम्हाला एकच बाक मिळाला. खिडकीजवळ वहिनी, मध्ये मी, कडेला माय. बस निघाली. रस्त्याचे खड्डे, इंजिनाचा आवाज, मागं कुणाच्या तरी कोंबड्या. थोड्या वेळानं माय माझ्या कानाला लागली. "कुसुमे, मी बोलले ते बोलले. पण मला सांग, सलोत्री म्हणला म्हणून खरं मानायचं का गं? त्येनं तरी दुधात उतरून बघितलंय का?"

वहिनी बाहेरच बघत होती. ती तशीच बाहेर बघत म्हणाली, "आत्याबाई, कानात बोलायचं असलं तर गाडी थांबल्यावर बोलावं. इंजन चालू असलं की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतंय."

पुढच्या बाकावरचा माणूस हसला. मी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. माय हसली नाही. तिनं मला उठवून कडेला बसवलं, स्वतः वहिनीशेजारी सरकली आणि वाटेतलं येडशी येईपर्यंत सलोत्रीचं औषध, त्याची दाढी, त्याची सायकल, त्याचं मराठी, या सगळ्याविषयीचा तिचा संशय तिनं वहिनीला सविस्तर ऐकवला. पुढं मायला वहिनीबद्दलही पुष्कळदा संशय आले. आले नसते तर ती माय नसती. पण ते तिनं मला कधी सांगितले नाहीत. वहिनीलाच सांगितले, तोंडावर, आणि वहिनीनं त्यांची उत्तरं दिली.